हा द्या, तो आणा

अमेरिकेत बेसबॉलचा हंगाम ऑक्टोबरात संपतो आणि पुढचा एप्रिलच्या सुमाराला सुरू होतो. मधल्या पाच महिन्यांत खेळ थांबत नाही, तो तोंडानं खेळला जातो. जुन्या काळी गावातल्या दुकानात लोखंडी शेगडीभोवती माणसं जमायची. आपल्या संघाचं यंदा काय चुकलं, कुणाला ठेवावं, कुणाला घालवावं यावर त्यांच्या हिवाळ्यातल्या रात्री सरायच्या. या गप्पांना तिथल्या लोकांनी नाव मोठं छान दिलं आहे : ‘हॉट स्टोव्ह लीग’, म्हणजे तापलेल्या शेगडीची साखळी स्पर्धा. पुढे शेगड्या गेल्या, नाव राहिलं. आणि एक गोष्ट कुठल्याही गावात खरी : संघ हरत असला की शेगडी जास्त तापते. जिंकणाऱ्या संघाच्या चाहत्याला बोलायला फारसं काही नसतंच.

या गप्पांतला सगळ्यांत लाडका विषय म्हणजे ‘ट्रेड’, खेळाडूंची अदलाबदल. आमचा हा चेंडू फेकणारा घ्या आणि तुमचा तो फलंदाज आम्हाला द्या. कधी एकाला एक, कधी एकाला तीन, कधी वर रोख रक्कम. आयपीएल पाहणाऱ्यांना हे नवीन नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात मुंबई इंडियन्सनं हार्दिक पंड्याला गुजरात टायटन्सकडून परत आणलं आणि पुढच्याच महिन्यात रोहित शर्माच्या जागी त्याला कर्णधार केलं. त्या निर्णयावर लोकलच्या डब्यात आणि सोसायटीच्या कट्ट्यावर किती डोकी तापली, आणि २०२४ च्या हंगामात वानखेडेवर घरच्याच प्रेक्षकांनी हार्दिकची कशी हुर्यो उडवली, ते अनेकांनी पाहिलं आहे. त्या वर्षी मुंबई गुणतक्त्यात तळाला होती. मात्र आयपीएलमध्ये असा सौदा करायचा तर खेळाडूची संमती घ्यावी लागते. अमेरिकेत नव्वदहून अधिक वर्षं ती कुणी विचारलीच नाही. ती विचारावी असं एक खेळाडू म्हणाला, तेव्हा त्याचं काय झालं आणि शेगडीभोवतीची माणसं काय म्हणाली, हे सांगायचं आहे.

त्यासाठी सेंट लुइसला जावं लागेल. मिसिसिपी नदीच्या काठचं हे शहर बेसबॉलवेडं. ‘द स्पोर्टिंग न्यूज’ हे साप्ताहिक इथूनच १८८६ मध्ये सुरू झालं. पिढ्यान्‌पिढ्या चाहते ते पोथीसारखं वाचत. केएमओएक्स नावाचं पन्नास हजार वॉटचं रेडिओ केंद्र इथलंच. रात्री त्याचा आवाज अनेक राज्यांत पोचायचा आणि १९६० पासून त्यावर श्रोत्यांचे फोनही घेतले जाऊ लागले. शहरात एकेकाळी दोन संघ होते, कार्डिनल्स आणि ब्राउन्स. मैदान दोघांचं एकच, स्पोर्ट्समन्स पार्क. गंमत अशी, की मैदान ब्राउन्सच्या मालकीचं आणि कार्डिनल्स तिथले भाडेकरू. घरमालक गरीब, भाडेकरू श्रीमंत!

१९५१ च्या जुलैत हा गरीब घरमालक बिल व्हेक नावाच्या अवलियानं विकत घेतला. महायुद्धात जखमी झाल्यामुळे व्हेकचा एक पाय लाकडी होता आणि त्या पायात त्यानं सिगारेटची राख झाडायला एक खळगा कोरून घेतला होता. यावरून माणसाची कल्पना यावी. चाहत्यांच्या संतापाचा त्याला चांगला अनुभव होता. त्याआधी तो क्लीव्हलँड संघाचा मालक होता. १९४७ च्या शरद ऋतूत त्यानं तिथला लाडका खेळाडू आणि कर्णधार-व्यवस्थापक लू बूड्रो याला देऊन टाकायचा घाट घातला. तोही कुणाला, तर याच सेंट लुइस ब्राउन्सना. बातमी फुटली आणि शहर पेटलं. तिथल्या एका वृत्तपत्रानं पहिल्या पानावर मतपत्रिका छापली आणि वाचकांनी प्रचंड बहुमतानं सांगितलं, बूड्रो जाणार नाही. व्हेक रात्री शहरातले बार पालथे घालत फिरला. प्रत्येक ठिकाणी चाहत्यांची माफी मागितली, शब्द दिला आणि पाळलाही. पुढच्याच वर्षी, १९४८ मध्ये, क्लीव्हलँडनं वर्ल्ड सिरीज जिंकली आणि अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला बूड्रो!

एकदा लोक मालकापेक्षा शहाणे निघाले, म्हणून सेंट लुइसला आल्यावर व्हेकनं पुढची पायरी गाठली. ब्राउन्स तेव्हा तळाला होते. त्या हंगामात त्यांनी ५२ सामने जिंकले आणि १०२ हरले. मग लोकांनाच का चालवू देऊ नये संघ? २४ ऑगस्ट १९५१ च्या सामन्यासाठी वृत्तपत्रातून मतपत्रिका छापली गेली : कोण खेळावा ते तुम्ही ठरवा. ज्यांनी ती भरून पाठवली त्यांना मैदानात खास जागा मिळाली. शिवाय प्रत्येकाच्या हातात एक फलक, एका बाजूला ‘हो’ आणि दुसऱ्या बाजूला ‘नाही’. असे हजारभर ‘व्यवस्थापक’ त्या रात्री जमले. त्यांच्यात ८८ वर्षांचे कॉनी मॅकही येऊन बसले. समोरचा संघ होता फिलाडेल्फिया ॲथलेटिक्स. तोच संघ पन्नास वर्षं चालवून हे गृहस्थ आदल्या वर्षी निवृत्त झाले होते. ब्राउन्सचा खरा व्यवस्थापक झॅक टेलर मात्र घरगुती सपाता घालून, तोंडात पाइप धरून, झुलत्या खुर्चीत बसला होता. त्याला त्या रात्री काही काम नव्हतं.

लोकांनी नेहमीच्या कॅचरऐवजी शर्म लॉलरला आणि पहिल्या बेसवर हँक आर्फ्टला घेतलं. पहिल्याच डावात ब्राउन्सचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, नेड गार्व्हर याच्यावर तीन धावा निघाल्या. व्हेकच्या माणसानं प्रश्नाची पाटी वर केली : दुसऱ्या पिचरला तयार ठेवायचं का? हा प्रश्न कट्ट्यावर विचारला असता तर काय उत्तर आलं असतं ते सांगायला नको. पण हातात खरा फलक आल्यावर माणूस जरा दमानं घेतो. गर्दी म्हणाली, नाही. गार्व्हरनं पुढे सामना संपेपर्यंत एकही धाव दिली नाही. लॉलर आणि आर्फ्ट दोघांचीही बॅट चालली. ब्राउन्स ५-३ असे जिंकले. शंभरावर सामने हरलेल्या त्या संघात गार्व्हरनं एकट्यानं त्या वर्षी वीस विजय मिळवले. त्याच्यावर विश्वास ठेवणारी गर्दी काही खुळी नव्हती.

या रात्रीचं कौतुक बेसबॉलच्या पुस्तकांत नेहमी वाचायला मिळतं. पुढचा भाग तितका सांगितला जात नाही. लोकांनी मत देऊन संघात घेतलेल्या लॉलरला व्हेकनं तीनच महिन्यांत शिकागोला देऊन टाकलं. पुढची कितीतरी वर्षं तो तिथला उत्तम कॅचर होता. पुढच्या ऑगस्टात गार्व्हरही डेट्रॉइटला गेला. फलक लोकांच्या हातात होता, करारपत्रं मालकाच्या कपाटात होती. आणि १९५३ च्या हंगामानंतर अख्खा संघच बाल्टिमोरला गेला. त्या सौद्यात सेंट लुइसच्या चाहत्यांना कुणी मत विचारलं नाही.

आता शहरात कार्डिनल्स तेवढे उरले. त्यांचा मालक होता बिअरसम्राट ऑगस्ट बुश आणि खेळाडूंचे सौदे पाहणारा व्यवस्थापक होता बिंग डिवाइन. १९५७ च्या डिसेंबरात डिवाइननं आपला पहिला सौदा केला. सिनसिनाटीकडून एकोणीस वर्षांचा एक बारीक चणीचा कृष्णवर्णीय मुलगा घेतला. नाव कर्ट फ्लड. हे नाव लक्षात ठेवा.

डिवाइनचा सगळ्यांत गाजलेला सौदा १५ जून १९६४ चा. कार्डिनल्स रडतखडत चालले होते. त्यांनी शिकागो कब्जला एर्नी ब्रोलिओ हा पिचर दिला. आदल्या वर्षी १८ सामने जिंकून देणारा, म्हणजे हुकमी माणूस. दोन्हीकडून आणखी दोन-दोन खेळाडू गेले-आले, पण मुख्य सौदा ब्रोलिओच्या बदल्यात लू ब्रॉक नावाच्या तरुणाचा होता. हा ब्रॉक वाऱ्यासारखा पळायचा, पण फलंदाजी बेताची आणि झेल भरवशाचे नाहीत. शिकागोत आनंदीआनंद झाला. तिथल्या क्रीडालेखकांना सेंट लुइसच्या बुद्धीची कीव आली. खुद्द कार्डिनल्सच्या खेळाडूंनाही हा खुळेपणा वाटला होता, असं त्यांचा मोठा पिचर बॉब गिब्सन पुढे सांगायचा. थोडक्यात, चाहते, पत्रकार आणि खेळाडू यांच्यात एकमत होतं.

आणि सगळेच चुकले होते. ब्रॉक उरलेला हंगाम झपाटल्यासारखा खेळला. ब्रोलिओचं कोपर आधीपासूनच दुखत होतं. त्याच वर्षी त्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. कब्जकडून तीन हंगामांत तो सात सामने जिंकला, एकोणीस हरला आणि संपला. ब्रॉकनं पुढे कारकिर्दीत ९३८ बेस ‘चोरले’. म्हणजे फेक होत असताना डोळा चुकवून पुढच्या बेसवर धाव ठोकली. तो बेसबॉलच्या सन्मान-दालनात गेला. अमेरिकेत आजही फसलेल्या सौद्याला ‘ब्रॉकच्या बदल्यात ब्रोलिओ’ म्हणतात. बिचाऱ्या ब्रोलिओचं नाव म्हणीत अडकून राहिलं, आणि दोष कशाचा, तर दुखऱ्या कोपराचा.

मालकाचं शहाणपण तरी किती? कार्डिनल्स पहिल्या क्रमांकापासून नऊ सामने मागे पडले म्हणून बुशनं ऑगस्टात डिवाइनलाच काढून टाकलं. दोन महिन्यांत फिलाडेल्फियाचा संघ ओळीनं दहा सामने हरून कोसळला, कार्डिनल्स पुढे सरकले आणि न्यूयॉर्क यांकीजना हरवून त्यांनी वर्ल्ड सिरीज जिंकली. काढून टाकलेला डिवाइन त्या वर्षीचा सर्वोत्तम संघ-व्यवस्थापक म्हणून निवडला गेला!

त्या विजयी संघात ब्रॉकच्या शेजारी मैदानाच्या मधोमध, सेंटर फील्डला, कर्ट फ्लड उभा असे. एव्हाना तो त्या जागेवरचा उत्तम क्षेत्ररक्षक झाला होता. सात वर्षं ओळीनं त्याला क्षेत्ररक्षणाचं ‘गोल्ड ग्लव्ह’ मिळालं. एकदा त्यानं सलग २२६ सामने एकही चूक केली नव्हती. कार्डिनल्सनी १९६७ ची वर्ल्ड सिरीजही जिंकली. १९६८ मध्ये डेट्रॉइटविरुद्धच्या सातव्या, निर्णायक सामन्यात मात्र एक उंच चेंडू फ्लडच्या अंदाजात आला नाही. आधी तो पुढे आला, मग मागे वळताना पाय घसरला, चेंडू डोक्यावरून गेला. दोन धावा झाल्या आणि सिरीज गेली. इतक्या वर्षांचं चोख काम आणि एक चेंडू. चाहत्याच्या आठवणीत काय उरतं हे क्रिकेटवाल्यांना वेगळं सांगायला नको.

१९६९ मध्ये कार्डिनल्स विभागात चौथे आले. जिंकायची सवय लागलेल्या शहराला चौथा क्रमांक म्हणजे सुतकच. काहीतरी करा, कुणालातरी काढा, ही ओरड सुरू झाली. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका पहाटे फ्लडचा फोन वाजला. संघाच्या कार्यालयातला एक दुय्यम अधिकारी बोलत होता : तुला आणि आणखी तिघांना फिलाडेल्फियाला पाठवलं आहे. बारा वर्षांनंतर एवढंच संभाषण. आणि सौदा करणारा कोण? पुन्हा कामावर आलेला तोच बिंग डिवाइन. त्याच आठवड्यात कार्डिनल्सनी पंचवीस वर्षं रेडिओवर त्यांचे सामने सांगणाऱ्या हॅरी केरेलाही काढून टाकलं. मोठ्या संघांत साफसफाई झाली की अशी एका झाडूत होते.

फिलाडेल्फियाकडून येत होता डिक ॲलन, तडाखेबंद फलंदाज, तोही कृष्णवर्णीय. तिथल्या प्रेक्षकांनी त्याचा इतका छळ केला होता, वस्तू फेकून मारल्या होत्या, की तो क्षेत्ररक्षण करतानाही डोक्यावर हेल्मेट घालायचा. त्याला तिथून केव्हा एकदा सुटतो असं झालं होतं. म्हणजे एकाच कागदावर एकाला सुटकेचा आनंद आणि दुसऱ्याला निर्वासित झाल्याचं दुःख. दोघांपैकी कुणालाही विचारलं नव्हतं.

याच्या मुळाशी करारातलं एक कलम होतं, ‘रिझर्व्ह क्लॉज’. १८७९ मध्ये मालकांनी आपसात ठरवून त्याची सुरुवात केली. करार वर्षाचा, पण वर्ष संपलं तरी खेळाडू त्याच संघासाठी राखीव. दुसऱ्या कुणी त्याला घ्यायचं नाही. संघानं विकला, बदलला किंवा सोडला तरच तो मोकळा. १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की बेसबॉल हा आंतरराज्य व्यापार नव्हेच, तेव्हा मक्तेदारीविरोधी कायदा त्याला लागू नाही. खेळाडूंचे लाखो डॉलरचे सौदे राज्याराज्यांत होत राहिले आणि कायद्याच्या दृष्टीनं तो व्यापार नव्हता.

फ्लड तेव्हा एकतीस वर्षांचा होता. सेंट लुइसमध्ये त्याचं बस्तान होतं, छायाचित्रणाचा छोटा व्यवसाय होता. दक्षिणेतल्या छोट्या गावांत खेळताना गोऱ्या सहकाऱ्यांबरोबर जेवायला न मिळणारा मुलगा ते हे बस्तान, अशी त्याची चढण होती. खेळाडू संघटनेच्या मार्व्हिन मिलरनं त्याला स्पष्ट सांगितलं : तू बहुतेक हरशील आणि या खेळात तुला पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही. फ्लडनं विचारलं, बाकीच्या खेळाडूंचा यात फायदा होईल का? मिलर म्हणाला, होईल. मग तो लढायला तयार झाला. २४ डिसेंबर १९६९ रोजी त्यानं बेसबॉलचे आयुक्त बोवी कून यांना पत्र लिहिलं. आशय असा, की बारा वर्षं खेळल्यावर आपल्या इच्छेचा विचार न करता विकली-घेतली जाणारी मालमत्ता मी आहे, असं मला वाटत नाही. मला इतर संघांचे प्रस्तावही पाहू द्या. आयुक्तांनी नकार दिला.

आणि शेगडीभोवती काय झालं? खेळाडूंसाठी ‘हा द्या, तो आणा’ म्हणणाऱ्या बहुतेकांना फ्लडचा राग आला. त्याचा पगार नव्वद हजार डॉलर होता, सरासरी खेळाडूच्या जवळजवळ चौपट. कारखान्यात आठवडाभर राबून तिकीट काढणाऱ्याला वाटलं, या माणसाला दुःख कसलं? टीव्हीवर मुलाखतकारानं हेच विचारलं तेव्हा फ्लडचं उत्तर होतं, की पगार चांगला असला तरी गुलाम तो गुलामच. या वाक्यानं आगीत तेल पडलं. खेळ बुडवायला निघालेला कृतघ्न माणूस, असं त्याला लिहिलं गेलं. घरी द्वेषानं भरलेली पत्रं आली आणि त्यांतल्या अनेकांत त्याच्या कातडीचा रंग काढलेला होता.

मला या चाहत्यांचं नवल वाटत नाही. संघ ‘आमचा’ म्हणताना ते खोटं बोलत नसतात. मालक बदलतो, खेळाडू बदलतात, मैदानाच्या दगडी पायऱ्यांवर वर्षानुवर्षं येऊन बसतो तो चाहताच. पण ‘आमचा संघ’ म्हणता म्हणता जीभ ‘आमचा फ्लड’ वर कधी घसरते ते त्याला कळत नाही, आणि या शब्दाचा त्याला लागणारा अर्थ व मालकाच्या वकिलानं लावलेला अर्थ तिथे एकच होऊन बसतो.

खटला १९७० च्या मे महिन्यात न्यूयॉर्कला उभा राहिला. फ्लडच्या बाजूनं साक्ष द्यायला जॅकी रॉबिन्सन आला. बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत १९४७ मध्ये पाडणारा हा माणूस आता केस पांढरे झालेला, मधुमेहानं थकलेला होता. त्यालाही १९५६ च्या डिसेंबरात ब्रुकलिननं त्यांच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकलं होतं. तो गेला नाही, खेळातूनच निवृत्त झाला. दुसरा साक्षीदार ऐकून तुम्हाला गंमत वाटेल : बिल व्हेक. माजी मालकांपैकी बोलणारा तो एक. कारकिर्दीत निदान एकदा तरी माणसाला आपलं भवितव्य ठरवायचा हक्क असावा, असं तो म्हणाला. लॉलरला पाठवणारा माणूस हे बोलत होता हे खरं, पण बोलला. त्या वेळी खेळत असलेला एकही खेळाडू कोर्टात फिरकला नाही. त्यांना दोष कुठल्या तोंडानं द्यायचा? त्यांची करारपत्रंही त्याच कपाटात होती.

फ्लड १९७० चा पूर्ण हंगाम घरी बसला. १९७१ मध्ये वॉशिंग्टनकडून तेरा सामने खेळला, पण अंगातली ती लय गेली होती. तो देश सोडून स्पेनच्या मायोर्का बेटावर गेला. १९ जून १९७२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध तीन मतांनी त्याच्या विरोधात निकाल दिला. न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी बेसबॉलची ही सवलत विसंगत आहे हे मान्य केलं आणि ती दुरुस्त करणं काँग्रेसचं, म्हणजे तिथल्या संसदेचं काम आहे असं सांगितलं. निकालाच्या सुरुवातीला त्यांनी जुन्या नामवंत खेळाडूंच्या नावांची लांबलचक यादीही दिली. मोठ्या न्यायालयातला माणूसही अखेर चाहताच असतो!

फ्लड हरला, पण वारं फिरलं होतं. १९७३ मध्ये मालकांनी खेळाडू संघटनेशी केलेल्या करारात एक नियम आला : ज्याची मोठ्या लीगमध्ये दहा वर्षं झाली आहेत आणि त्यांतली शेवटची पाच एकाच संघात, त्याला संमतीशिवाय पाठवता येणार नाही. फ्लडची एकाच संघात बारा झाली होती. १९७५ च्या डिसेंबरात एका लवादानं रिझर्व्ह क्लॉजचा अर्थ फक्त एका वर्षापुरता लावला आणि करार संपलेले खेळाडू मोकळे झाले. खेळ बुडेल म्हणणाऱ्यांचं भाकीत खोटं ठरलं. पुढच्या वर्षांत मैदानांवरची गर्दी वाढतच गेली. तरुण खेळाडूची संमती मात्र अमेरिकेत आजही सहसा विचारली जात नाही. त्या दहा वर्षांची वाट पाहावी लागते. फ्लड जानेवारी १९९७ मध्ये वारला. खेळाडूंना इतर व्यावसायिक खेळांतल्यासारखं मक्तेदारीविरोधी कायद्याचं संरक्षण देणारा, त्याच्या नावाचा कायदा काँग्रेसनं त्यानंतर, १९९८ मध्ये केला.

दहा वर्षांचा तो नियम पहिल्यांदा वापरला शिकागो कब्जच्या रॉन सँटोनं. ब्रॉक गेला तेव्हा सँटो त्याच संघात होता आणि १९६० पासून कब्जशिवाय दुसरीकडे खेळला नव्हता. १९७३ च्या हंगामात कब्ज पाचवे आले आणि नेहमीप्रमाणे जुनी माणसं काढायला निघाले. सर्वोत्तम पिचर टेक्सासला गेला, दुसऱ्या बेसवरचा सॅन डिएगोला, कॅचर मिनेसोटाला. डिसेंबरात सँटोची पाळी आली. त्याला कॅलिफोर्नियाला पाठवायचा सौदा ठरला. सँटो म्हणाला, मी शिकागो सोडणार नाही. सौदा मोडला. कब्जनं मग त्याच शहरातल्या दुसऱ्या संघाशी, व्हाइट सॉक्सशी, बोलणं केलं आणि या वेळी त्याला आधी विचारलं. तो हो म्हणाला आणि १९७४ चा एक हंगाम तिथे खेळून निवृत्त झाला.